दहा फूट आठ इंच

टाकीपासून कंपाउंडपर्यंत दहा फूट आठ इंच.
स्टीलच्या टेपनं तीनदा मोजलंय.
झाड बसेल एकच.

पाचगावची जमीन. वर वीतभर माती, खाली मुरूम,
पहार मारली की ठिणगी.
खड्ड्यात दोन रविवार गेले,
तिसऱ्या रविवारी कळंब्याच्या रस्त्यानं
स्कूटरवरून रोपं आणली,
एक माझ्या पायांशी, एक शालनच्या मांडीवर.
खड्डा एक, रोपं दोन.
आमच्या घरात कोण कुणाचं ऐकतं,
यावरून समजून घ्या.

माझं ताम्हण.
नर्सरीवाला बाबालाल मुल्ला म्हणाला,
'पाण्याला कमी करू नका, पाचव्या वर्षी
ऐन उन्हात जांभळं हुतंय बघा, पार शेंड्यापतोर.'
हिवाळ्यात पानं तांबडी होऊन झडतात,
म्हणजे ओट्यावर ऊन येणार,
आणि मे महिन्यात सावली.
शिवाय लाकूड. लालसर, रंध्याखाली शहाणं.
मी चौतीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले,
लाकूड हाताच्या पाठीनं ओळखतो.

'वास आहे का त्याला?' शालननं विचारलं.

नाही.

तिची बकुळ.
फूल नखाएवढं, कडा कातरलेली,
फांदीवर शोधून सापडत नाही,
पहाटे जमिनीवरच भेटतं.
दवाखान्यात रात्रपाळ्या करायची शालन,
तिथं सायकल स्टँडमागं एक बकुळ होती म्हणे.
ड्यूटी संपली की मूठभर फुलं रुमालात.
घरी यायची ती स्पिरिटच्या वासावर
दुसरंच काहीतरी घेऊन,
आणि मी एवढी वर्षं समजत होतो
की हिनं साबण बदललाय.

तरी मी वाद घातला.
बकुळ हळू वाढते.
केशरी फळं पडणार, वटवाघळं येणार,
इंगवल्यांच्या नव्या गाडीवर घाण होणार.
बाबालालच म्हणाला होता,
'बकुळ आज्यानं लावायची, वास नातवानं घ्यायचा.'
मला सहासष्ट. प्रणोतीचं अजून लग्न नाही.
हिशेब करा.

आलेख कागदावर काढून दाखवलं तिला.
मुळं इथवर, फांद्या तिथवर, वरून विजेची तार.
ओतीव लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून पॅटर्न थोडा मोठा धरायचा,
फुटाला अष्टमांश इंच.
आकसणाऱ्या वस्तूंची पट्टी आहे माझ्याकडे, पितळी,
वाढणाऱ्यांची नाही.
कागदावर मी झाड काढायचो
आणि ते दर वेळी रेघेबाहेर जायचं.
शालन कागद बघायची, म्हणायची, 'छान काढलंय.'
आणि धुणं घेऊन उठायची.

असा आषाढ गेला, गणपती गेले.
रोपं पिशवीतच, धुण्याच्या दगडाशी.
खड्ड्यात कुणाची तरी मांजर व्यायली.

दिवाळीच्या साफसफाईला मी पिशव्या उचलल्या.
ताम्हण आलं हातात, पोरासारखं.
बकुळ येईना.
वाकून बघितलं:
तळातून मूळ उतरलेलं, दगडाच्या फटीत,
साबणाचं पाणी पिऊन
करंगळीएवढं जाड,
खड्ड्यापासून तीन फूट लांब,
माझ्या एकाही आलेखात नसलेल्या जागी.

आणि पिशवीचा तळ फाटला नव्हता.
कापला होता.
सरळ, एका दमात, नर्सच्या हातानं.
कापलेलं आणि फाटलेलं यातला फरक
मला कुणी शिकवायला नको.

मी काही बोललो नाही.
तीही आत करंज्या तळत होती.
घाण्यात चमचा जरा जास्तच वाजत होता.

काल रात्री ती झोपल्यावर
बॅटरी दातात धरून
मी ताम्हण नेऊन खड्ड्यात ठेवलं, पिशवीसकट,
मांजरीची पिलं आता हिंडायला लागलीत.
पिशवीच्या तळाला पाते लावलं.
दोन ठिकाणी थांबलो, एकदा मुद्दाम घसरलो,
चांगला वाकडातिकडा काप दिला,
फाटल्यासारखा.

हात कुणाचा
तिला ओळखू येऊ नये म्हणून.